बॉयलरचा ऑगस्टमधला खर्च जून तिमाहीत थोडा थोडा टाकता येतो का?

रबाळे_अकाउंट्स
९ जुलै २०२५, रात्री १०:४०

आमची कंपनी रबाळे एमआयडीसीत. गच्चीला, बाथरूमला लावायची वॉटरप्रूफिंगची केमिकल्स बनवतो. शेअर बाजारात नोंद आहे, पण कंपनी छोटीच. अकाउंट्सला आम्ही चौघं, त्यात मी दोन वर्षांपूर्वी आले. सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटर झालंय, फायनल अडकलंय. सिनियर मॅडम मे महिन्यात सोडून गेल्या आणि जून तिमाहीचे निकाल पहिल्यांदाच माझ्या गळ्यात आलेत. शेवटची तारीख १४ ऑगस्ट, पण साहेबांना बोर्ड मीटिंग ५ तारखेलाच हवी आहे.

अडचण अशी. आमचा धंदा पावसाच्या तोंडावरचा. एप्रिल ते जून आम्ही ३१ कोटींचा माल विकला, अख्ख्या वर्षाचं बजेट ७८ कोटींचं. एकदा पाऊस लागला की गच्चीवर कोण चढतंय! जुलै-ऑगस्टला प्लांट निम्मा चालतो, म्हणून बॉयलर उघडणं, रिअ‍ॅक्टरची (केमिकल बनवायच्या भांड्याची) कामं, पाइपिंग सगळं तेव्हाच उरकतात. यंदाचं एस्टिमेट ४२ लाख आहे. साहेब म्हणतात, जूनचा नफा फुगलेला दिसतोय (करापूर्वी ५ कोटी ६० लाख), सप्टेंबरला एकदम तोटा दिसेल, शेअरवाले घाबरतील. तर ४२ चे चार भाग कर आणि साडेदहा लाखांची तरतूद (पैसे जायच्या आधीच खर्च धरणं) जूनलाच टाक. "दरवर्षीचाच खर्च आहे, नवीन काय त्यात?"

मला ते पटतही नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. कारण विम्याचा हप्ता आपण वाटतोच ना? १ एप्रिलला १६ लाख भरले, जूनला ४ लाखच खर्ची टाकले. मग बॉयलरनेच काय पाप केलंय?

आणि हो, दिवाळी बोनसचं काय करायचं? तो तर ऑक्टोबरला जातो. डीलर स्कीम आहे, वर्षात एक कोटीच्या वर माल उचलला तर २ टक्के, क्रेडिट नोट एप्रिलमध्ये. आणि करापोटी १५ जूनला ३५ लाख आगाऊ भरलेत, तेवढाच कर निकालात दाखवायचा का? साहेबांना तसंच वाटतंय.

इंड एएस ३४ (तिमाही-सहामाही निकालांचा हिशेबाचा नियम) डाउनलोड केलाय. पण ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटणाऱ्या गाडीत उभं राहून मोबाइलवर तो वाचायचा म्हणजे रबाळे येईपर्यंत एक परिच्छेद होतो, आणि तोही कळत नाही.

जुनी_खतावणी
१० जुलै, सकाळी ६:१५

कचराळी तलावाला फेऱ्या मारून मग लिहिणार होतो, पण पाऊस धरून आहे, म्हणून आधीच लिहितो.

वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब सांभाळले. तिमाही निकालांचे सेबीचे आताचे नियम २०१५ चे, त्याआधी लिस्टिंग अ‍ॅग्रीमेंटचं क्लॉज ४१ असायचं. तुझ्या साहेबांची युक्ती आमच्या साहेबांनाही दर पावसाळ्यात सुचायची. त्यामुळे तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

तिमाही म्हणजे वर्षाचा चतकोर नव्हे. चतकोर धरलं तर साहेबांचं बरोबर आहे, भाकरी मोडली की चारही तुकडे सारखे हवेत. पण आपल्याकडचा नियम असं मानत नाही. ३० जून ही तारीख छोटी ३१ मार्चच समजायची. मार्चला जी गोष्ट मालमत्ता किंवा देणं म्हणून उभी राहिली नसती, ती जूनलाही उभी राहत नाही.

मी हाताखालच्या पोरांना सांगायचो, ३० जूनच्या रात्री शटर ओढलं असं समज. त्या घटकेला आपण कोणाचं काही देणं लागतो का? कोणाकडून काही यायचं राहिलंय का?

विमा घे. पैसे भरलेत आणि नऊ महिन्यांचं संरक्षण अजून यायचंय. ते तुमचं आहे, म्हणून १२ लाख ताळेबंदात उभे. बॉयलर घे. कंत्राटदाराने अजून पानाही हातात घेतलेला नाही. उद्या साहेबांनी काम पुढे ढकललं तर त्याला एक फोन केला की विषय संपला. मनात असणं वेगळं, देणं असणं वेगळं. म्हणून जूनला शून्य, आणि काम ऑगस्टला झालं की सप्टेंबर तिमाहीला. इंड एएस ३४ च्या मागे उदाहरणं दिलीत, त्यात ठरलेल्या मोठ्या देखभालीचं उदाहरण जवळजवळ तुझ्या बॉयलरचंच आहे. ते पान छापून साहेबांपुढे ठेव, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं.

बोनसमध्ये तुमची एक गल्लत आहे. येत्या दिवाळीला वाटाल तो कायद्याचा बोनस मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचा. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून तो दिवाळीत येतो एवढंच. त्याची तरतूद मार्चलाच झालेली असणार, खातं उघडून बघ. जूनला टाकायचा तो चालू वर्षाचा, तीन महिन्यांच्या पात्र पगारावर, किमान ८.३३ टक्क्यांनी. वर्करने तीन महिने काम केलं, तेवढं देणं झालं. कायद्याच्या मर्यादेबाहेरच्या लोकांना खुशीने काही देत असाल तर मागची वर्षं बघ. दरवर्षी न चुकता देत आलात आणि लोक ते धरूनच चालतात, तर ती खुशी राहिली नाही, देणं झालं. कधी दिलं, कधी नाही, असं असेल तर ठरेपर्यंत थांब.

डीलर स्कीम कागदावर आहे ना? मग जे डीलर एक कोटी गाठतील असं मागच्या अनुभवावरून दिसतंय त्यांच्या जूनपर्यंतच्या खरेदीवर २ टक्के आत्ताच काढ. आणि ते खर्चात नाही, विक्रीतून वजा. पण साहेबांनी ऐन वेळी एखाद्याला गोडीगुलाबीने दिलेली सूट आधी धरायची नाही.

कराचं नंतर लिहितो, चहा आला.

आर्टिकल_दुसरं_वर्ष
१० जुलै, दुपारी १:०५

काका, शटर ओढलं म्हणू नका, आमचे पार्टनर ऐकतील तर 'धंदा पुढेही चालूच राहणार असं धरायचं' या गोइंग कन्सर्नच्या तत्त्वावर तासभर लेक्चर देतील 😄

ताई, मी समोरच्या, म्हणजे ऑडिटरच्या बाजूचा, सीएची आर्टिकलशिप करतोय, लिमिटेड रिव्ह्यूला (तिमाही निकालांच्या वरवरच्या तपासणीला) येणाऱ्या पोरांपैकी एक (तुमच्या कंपनीत नाही, काळजी नको). ४२ लाख हा एकच आकडा म्हणून बघू नका. त्यात काय काय आहे ते फोडा. बॉयलरचं दरवर्षीचं सर्टिफिकेट, सफाई, गॅस्केट, हा सरळ खर्च. पण रिअ‍ॅक्टरचं काचेचं अस्तर नव्याने करून घेताय आणि ते पुढची चार-पाच वर्षं टिकणार असेल, तर तो भाग इंड एएस १६ (यंत्रं-इमारतींचा नियम) खाली मालमत्तेत जाऊ शकतो. मग जुन्या अस्तराची शिल्लक किंमत काढून टाकायची आणि नव्यावर घसारा, ऑगस्टपासून. तसं झालं तर साहेबांना ज्या तोट्याची भीती आहे तो निम्माही राहणार नाही, आणि तेही नियमात बसून.

जूनमध्ये मात्र दोन्ही वाटांनी काहीच येत नाही.

बाकी, लिमिटेड रिव्ह्यू म्हणजे ऑडिट नाही. आम्ही विचारपूस करतो, आकड्यांचा मागच्या आकड्यांशी ताळा बघतो, आणि शेवटी "चुकीचं काही आमच्या नजरेस आलं नाही" एवढंच लिहितो. "बरोबर आहे" असं लिहीत नाही. तरी एक अनुभव सांगतो. आम्ही सगळ्यात आधी कटऑफच बघतो, म्हणजे कोणती विक्री ३० जूनच्या आतली आणि कोणती नंतरची. २८, २९, ३० जूनची बिलं, त्यांचे गेट पास आणि ई-वे बिलं एका फाइलला लावून ठेवा. तुमच्यासारख्या धंद्यात शेवटच्या तीन दिवसांत गाड्या किती सुटतात ते आम्हालाही माहीत असतं.

वागळे_एसएमई
१० जुलै, संध्याकाळी ७:३०

आम्ही शेअर बाजाराच्या एसएमई (छोट्या कंपन्यांच्या) प्लॅटफॉर्मवर. सहा महिन्यांतून एकदाच निकाल, आणि इंड एएस नाही, त्याच विषयाचं जुनं एएस २५. बॉयलरचं उत्तर तिथेही हेच. तिमाहीच्या कटकटीसाठी तुम्हाला शुभेच्छा, मी जेवायला चाललो.

रबाळे_अकाउंट्स
१० जुलै, रात्री ११:२०

काका, बोनसची तरतूद मार्चलाच झालेली सापडली! मॅडमनी "बोनस पेएबल" असं सरळ खातं न करता "इतर देणी" मध्ये टाकलेली. मी जूनला ती परत टाकणार होते. वाचले.

रिअ‍ॅक्टरचं मेंटेनन्सच्या साहेबांना विचारलं. म्हणाले, ४२ पैकी २६ लाख अस्तराचे, मागचं २०१९ ला केलं होतं. त्यांना अकाउंट्समधून कोणी असं पहिल्यांदाच विचारलं म्हणे.

कराचं राहिलं. साहेब अजून ३५ लाखांवरच अडून आहेत. "भरला तेवढा दाखव, उगाच नफा कशाला खातेस?"

जुनी_खतावणी
११ जुलै, सकाळी ९:५०

कर इथे थोडा उलटा वागतो, म्हणून सगळे इथेच घसरतात. बाकी सगळीकडे ३० जूनपुरतं बघ म्हटलं, पण आयकर वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. म्हणून इथे अख्ख्या वर्षाचा अंदाज करून सरासरी दर काढायचा आणि तो जूनपर्यंतच्या नफ्याला लावायचा.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, उदाहरणापुरते धरतो. वर्षाचा करापूर्वीचा नफा ९ कोटी. सीएसआर (सामाजिक कामांवरचा खर्च) आणि कराला न चालणारे इतर खर्च मिळून ३० लाख. कर लागणार ९ कोटी ३० लाखांवर. तुम्ही २२ टक्क्यांच्या योजनेत असाल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे २ कोटी ३४ लाख ६ हजार. त्याला ९ कोटींनी भाग, दर आला २६.००७ टक्के. जूनच्या ५ कोटी ६० लाखांवर कर होतो १ कोटी ४५ लाख ६४ हजार. हा निकालात.

३५ लाख वेगळेच. १५ जूनपर्यंत वर्षाच्या अंदाजे कराच्या १५ टक्के भरायचे असतात, २ कोटी ३४ लाखांचे १५ टक्के म्हणजे बरोबर ३५ च्या आसपास. ती सरकारकडे भरलेली उचल. सरकार हप्ते सरळ वर्षाच्या बजेटवर मागतं, त्याला तुमचा पाऊस माहीत नाही. तुमचा वर्षाचा साठ टक्क्यांहून जास्त नफा मात्र पहिल्याच तिमाहीत आलाय. दोन आकड्यांचा मेळ लागणारच नाही, आणि लावायचाही नाही.

आता सप्टेंबर. समजा ४० लाख तोटा झाला आणि वर्षाचा अंदाजही ८ कोटींवर उतरला. दर नव्याने काढ, ८ कोटी ३० लाखांवर २५.१६८, भागिले ८ कोटी, २६.११२ टक्के. सहामाहीचा नफा ५ कोटी २० लाख, त्यावर १ कोटी ३५ लाख ७८ हजार. त्यातून जूनला दाखवलेला वजा कर, सप्टेंबर तिमाहीत उणे ९ लाख ८६ हजार. म्हणजे तोटा थोडा हलका दिसेल. साहेबांना एवढं तरी गोड लागेल. जूनचा आकडा मात्र मागे जाऊन बदलायचा नाही, फरक चालू तिमाहीतच पचवायचा.

आणि एक. साहेबांची खरी काळजी बॉयलर नाही, लोक जूनचा नफा गुणिले चार करतील ही आहे. ती खोटी नाही. पण तिला औषध तरतुदीत नाही, टिपेत आहे. निकालाखाली स्वच्छ लिहा, कंपनीचा व्यवसाय हंगामी आहे, विक्रीचा मोठा भाग पावसाळ्याआधी होतो, म्हणून या तिमाहीवरून वर्षाचा अंदाज बांधू नये. अशा धंद्यांनी ३० जूनपर्यंतच्या सलग बारा महिन्यांचेही आकडे द्यावेत असं त्या इंड एएसमध्येच सुचवलंय, सक्ती नाही. आमच्या रंगाच्या कारखान्यात दिवाळीचं असंच असायचं. टीप टाकायला लागल्यापासून वार्षिक सभेत तो प्रश्न विचारणारे दोन आजोबा गप्प झाले, मग त्यांनी चहाच्या दर्जावर प्रश्न विचारायला सुरुवात केली.

आर्टिकल_दुसरं_वर्ष
११ जुलै, सकाळी १०:३०

यात भर. मार्च तिमाहीचा आकडा वेगळा ऑडिट होत नाही. वर्षाचा ऑडिट झालेला आकडा वजा डिसेंबरपर्यंतचे छापलेले नऊ महिने, उरेल ती मार्च तिमाही. म्हणजे जून-सप्टेंबरला लपवलेलं, वाटलेलं, विसरलेलं सगळं मार्चमध्ये गाळासारखं खाली बसतं. एका ठिकाणी मार्च तिमाहीत विक्री चांगली आणि कच्च्या मालाचा खर्च उणे आलेला पाहिलाय. तीन तिमाह्या शिल्लक माल अंदाजाने धरला होता. जूनला पूर्ण स्टॉक मोजलाच पाहिजे असं नाही, अंदाज चालतो, पण निदान महागडे ड्रम तरी मोजा. आणि ज्याची मुदत संपत आलीय त्याची किंमत आत्ताच उतरवा, मार्चची वाट बघू नका. पुढे तो विकला गेलाच तर उलटवता येतं.

रबाळे_अकाउंट्स
९ ऑगस्ट, दुपारी ३:१५

निकाल लागला, म्हणजे आमचा 🙂 मीटिंग ५ तारखेलाच झाली. बाजार चालू असतानाच संपली, त्यामुळे अर्ध्या तासात निकाल एक्स्चेंजवर चढवायचा होता. पीडीएफवर एका पानाला सही राहिलेली. त्या वीस मिनिटांत मी जेवढी धावले तेवढी ठाण्याला गाडी बदलतानाही धावत नाही.

बॉयलर जूनला शून्य. साहेब चिडले नाहीत, कारण २६ लाखांचं अस्तर मालमत्तेत जाणार हे ऑडिटरनीही तत्त्वतः मान्य केलं. डीलर स्कीमचे २३ लाख विक्रीतून वजा केले, ते मात्र त्यांना झोंबलं. हंगामी धंद्याची टीप टाकली. बारा महिन्यांचे आकडे नाही टाकले, "पुढच्या वेळी बघू".

काल इंग्रजी आणि मराठी दोन्ही पेपरांत जाहिरात आली. आईने कळव्याला शेजाऱ्यांकडून पेपर मागून आणला. वरचं "अलेखापरीक्षित वित्तीय निष्कर्ष" वाचून म्हणाली, "म्हणजे तपासलेलंच नाही? मग छापलंत कशाला?" मी लिमिटेड रिव्ह्यू समजावायला बसले. ती म्हणाली, म्हणजे सासूबाई स्वयंपाकघरात डोकावून जायच्या तसं. यापेक्षा चांगली व्याख्या मला इथेही मिळाली नव्हती, माफ करा आर्टिकलदादा.

कोपरखैरणे_पेरोल
१२ जानेवारी २०२६, रात्री ९:००

जुना धागा वर काढतोय. २१ नोव्हेंबरपासून कामगार संहिता लागू झाल्या. आमच्याकडे मूळ पगार कमी आणि भत्ते भरपूर. आता भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा, त्यामुळे सगळ्या जुन्या लोकांची ग्रॅच्युइटी एकदम फुगली. आमचे साहेब म्हणतात डिसेंबर आणि मार्च अशी दोन तिमाह्यांत वाटू. बॉयलरसारखंच का हे?

जुनी_खतावणी
१३ जानेवारी, सकाळी ७:४०

बॉयलरच्या उलट. ३१ डिसेंबरच्या रात्री शटर ओढून बघ (आर्टिकलने कान बंद करावे). लोकांनी मागची वर्षं काम करून झालंय, कायदाही लागू झालाय. देणं पुरतं उभं आहे, त्यातलं मार्चसाठी राखून ठेवायला काही उरतच नाही. मागच्या सेवेचा खर्च म्हणतात त्याला. अ‍ॅक्च्युअरीकडून (अशी देणी मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून) आकडा घे आणि सगळा डिसेंबर तिमाहीला टाक. फार मोठा असेल तर वेगळ्या ओळीत दाखव, खाली टीप लिही.

रबाळे_अकाउंट्स
१३ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्याकडेही हेच चाललंय. अ‍ॅक्च्युअरीचा मेल आज आला, १९ लाख. साहेबांनी आकडा बघितला, कॅल्क्युलेटर जवळ ओढला, भागिले दोन केलं, माझ्याकडे बघितलं आणि कॅल्क्युलेटर आपणहून बंद केला.